वीज नोंदीची वाट पाहत नाही: स्मार्ट ग्रिड आणि शहरी प्रणालींच्या सॉफ्टवेअर रचनेबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईत बँकिंग आणि पेमेंट प्रणालींवर बरीच वर्षे काम केलेल्या एका सॉफ्टवेअर अभियंत्याला आता स्मार्ट मीटर आणि शहराच्या एकात्मिक नियंत्रण कक्षाशी जोडलेल्या प्रकल्पात रचनाकार म्हणून घेतले आहे. मायक्रोसर्व्हिसेस, संदेशांच्या रांगा, क्लाउड आणि एक चांगला डेटा प्लॅटफॉर्म एवढे असले की कोट्यवधी व्यवहार पेलता येतात, हा त्यांचा अनुभव आहे. मग वीज क्षेत्रातील ज्येष्ठ मंडळी ‘इथले काम वेगळे आहे’ असे सतत का सांगतात, आणि ते खरे असेल तर अडचण नेमकी कुठे आहे, असे ते विचारतात. मी वीज वितरणाच्या नियंत्रण प्रणालींवर आणि पुढे मीटरिंगवर काम करत आलो आहे. त्यामुळे उत्तर त्या बाजूला थोडे झुकलेले असेल, हे लक्षात घेऊन वाचावे.

आकारमान ही अडचण नाही, म्हणून ते आधी बाजूला काढू. दहा लाख मीटर दर पंधरा मिनिटांनी एक नोंद पाठवतात असे धरले, तर एका मीटरच्या दिवसाला ९६ आणि सर्वांच्या मिळून ९ कोटी ६० लाख नोंदी होतात. सरासरी काढली तर सेकंदाला अकराशेच्या आसपास. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयने एका महिन्यात दोन हजार कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. त्या जगातून आलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल आणि तो आहेही. लोंढे येतात हे खरे, विशेषतः एखाद्या विभागाची गेलेली वीज परत आल्यावर सगळे मीटर एकदम बोलू लागतात तेव्हा. पण ते हाताळायचे उपाय तुम्हाला माहीत आहेत.

फरक दुसरीकडे आहे. पेमेंटच्या व्यवस्थेत खातेवही हेच सत्य असते. नोंद झाली नाही तर व्यवहार झालाच नाही, आणि घोळ झालाच तर रक्कम परत फिरवता येते. विजेच्या जाळ्यात सत्य तारेत असते आणि डेटाबेसमध्ये त्याबद्दलचा आपला अंदाज असतो. पडद्यावर ब्रेकर, म्हणजे विजेचा मोठा स्विच, ‘ऑफ’ दिसत असताना तो प्रत्यक्षात ‘ऑन’ असू शकतो, आणि त्याच केबलवर कुणीतरी काम सुरू करणार असतो. म्हणूनच परवाना लिहून दिल्याखेरीज, जागेवर जाऊन तपासल्याखेरीज आणि अर्थिंग केल्याखेरीज कामाला हात लावायचा नाही, ही पद्धत कितीही स्वयंचलन आले तरी सोडलेली नाही. संगणकाला कळो वा न कळो, वीज वाहतच असते. तिला मागे फिरवण्याचा आदेश नसतो.

यातून माझे एकच म्हणणे निघते आणि पुढचे सारे त्याचाच विस्तार आहे: इथे रचना टोकाकडून करावी लागते. मीटर, फीडर पिलर (रस्त्याकडेची केबल-जोडणीची पेटी), रिंग मेन युनिट (उच्चदाब केबलींचा स्विच-संच), पंप, वाहतूक सिग्नल यांपैकी प्रत्येकाने केंद्राशी संपर्क तुटल्यावर काय करायचे, हे सर्वांत आधी ठरवायचे. आणि केंद्रात जे दिसते ते किती जुने आणि किती खात्रीचे आहे, ही माहिती प्रत्येक नोंदीसोबत वाहून न्यायची. मधला प्लॅटफॉर्म कोणता घ्यायचा, हा त्यानंतरचा आणि तुलनेने सोपा प्रश्न आहे. प्रत्यक्षात बहुतेक निविदा उलट्या क्रमाने लिहिल्या जातात. त्यांत नियंत्रण कक्षातल्या भिंतीएवढ्या पडद्याचे वर्णन चार पानांचे असते, आणि संपर्क तुटल्यावरच्या वर्तनाला एखादे वाक्यही मिळत नाही.

वेळेच्या मोजपट्ट्यांकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. उपकेंद्रातल्या संरक्षण रिलेंनी (बिघाड ओळखणाऱ्या उपकरणांनी) एकमेकांना पाठवायचा ट्रिपचा, म्हणजे पुरवठा तोडण्याचा, संदेश आयईसी ६१८५० या मानकानुसार तीन-चार मिलिसेकंदांत पोहोचावा लागतो. स्काडा, म्हणजे दूरवरच्या उपकरणांवर नजर ठेवणारी नियंत्रण प्रणाली, काही सेकंदांनी मूल्ये आणते. ग्रिडची वारंवारिता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात राखण्याची धडपड क्षणोक्षणी चाललेली असते. व्यापाराचा हिशेब पंधरा मिनिटांच्या खंडांत होतो, वीजबिल महिन्याने निघते, आणि आज बसवलेला ट्रान्सफॉर्मर पंचवीस-तीस वर्षे जागचा हलत नाही. या सगळ्यांना एकाच प्लॅटफॉर्मवर आणण्याचा मोह सादरीकरणात छान दिसतो. पाळायचा नियम मात्र साधा आहे: संथ थराने वेगवान थराच्या वाटेत कधीही उभे राहायचे नाही. रिलेला ट्रिप करण्यासाठी सर्व्हरची परवानगी लागता कामा नये, आणि बिलिंगच्या डेटाबेसला कुलूप लागले म्हणून फीडरचे (एका भागाला वीज नेणाऱ्या वाहिनीचे) स्विचिंग अडता कामा नये. हा नियम तोंडी सर्वांनाच मान्य असतो. तो मोडतो आडवाटेने. लॉगिनची सेवा दोघांना एकच, नाव-पत्त्यांचा सर्व्हर एकच, वेळ सांगणारे घड्याळ एकच, आणि त्यातले काहीतरी बिलिंगच्या यंत्रणेतल्या देखभालीसाठी मध्यरात्री बंद केलेले.

मुंबईपुरते बोलायचे तर १२ ऑक्टोबर २०२० हा दिवस या विषयाचा सर्वांत चांगला धडा आहे. सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास महानगर प्रदेशातल्या मोठ्या भागाची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, रुग्णालये जनरेटरवर गेली. त्या दिवशी तत्कालीन ऊर्जामंत्र्यांनी दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, कळवा-पडघा भागातले एक सर्किट देखभालीसाठी बंद होते, त्याचा भार दुसऱ्यावर होता आणि त्या दुसऱ्यातही बिघाड झाला. अशा प्रसंगासाठीच मुंबईत १९८१ पासून आयलँडिंगची योजना आहे. बाहेरचे ग्रिड कोसळू लागले की शहराने त्यापासून अलग व्हायचे, ट्रॉम्बे, डहाणू आणि खोपोली-भिवपुरी-भिरा इथल्या आपल्या निर्मितीवर तगायचे, आणि निर्मिती कमी पडेल तेवढा भार आपणहून तोडायचा. पूर्वी या योजनेने शहराला वाचवलेले आहे. त्या दिवशी ती टिकली नाही, कारण अलग होण्याच्या क्षणी शहराच्या आतली निर्मिती मागणीच्या मानाने फार कमी होती.

सॉफ्टवेअर रचनाकाराने यातून घ्यायची गोष्ट अशी, की आयलँडिंगच्या तर्कात दोष असो वा नसो, तो तर्क ज्या गृहीतावर उभा होता ते गृहीत हळूहळू सरकत गेले होते. बाहेरची वीज स्वस्त पडू लागली की शहरातले संच कमी चालवणे आर्थिकदृष्ट्या शहाणपणाचे ठरते. हा निर्णय वीजखरेदीचा विभाग घेतो आणि तो त्याच्या जागी बरोबरच असतो. संरक्षणाच्या सेटिंग मात्र दुसऱ्या विभागाकडे, दुसऱ्या फाइलमध्ये असतात. दोघांना जोडणारा एक आकडा, म्हणजे ‘या क्षणी शहर तुटले तर आतली निर्मिती किती आणि तोडता येणारा भार किती’, हा ऑपरेटरच्या पडद्यावर सतत असायला हवा आणि तो ठरावीक मर्यादेखाली गेला की इशारा वाजायला हवा. हे गणित अवघड नाही. अवघड हे, की त्यासाठी लागणारी मूल्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या आणि राज्य भार प्रेषण केंद्राच्या (राज्याच्या ग्रिडचा तोल सांभाळणाऱ्या संस्थेच्या) प्रणालींत विखुरलेली असतात आणि ती कुणी कुणाला द्यायची, हे कुठल्याच एका संस्थेच्या निविदेत बसत नाही. पुढे २०२३ मध्ये खारघर-विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि शहरात येण्याचा आणखी एक मार्ग मिळाला. पण आयलँडिंगची गरज तिच्यामुळे संपलेली नाही.

२०२० च्या त्या घटनेमागे सायबर हल्ला असल्याची शंका नंतर राज्य सरकारने व्यक्त केली आणि तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चुकीकडे बोट दाखवले. रचनेच्या दृष्टीने मला या वादात फारसा रस नाही, कारण दोन्ही शक्यतांसाठी करायची तयारी जवळजवळ एकच आहे. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील तीन वितरण कंपन्यांवर खराखुरा हल्ला झाला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. हल्लेखोरांनी ऑपरेटरच्याच पडद्यावरून ब्रेकर उघडले, उपकेंद्रांतल्या संपर्क-उपकरणांचे फर्मवेअर (आतले मूळ सॉफ्टवेअर) बिघडवले आणि तक्रार केंद्राचे फोनही व्यग्र करून टाकले. तरीही काही तासांत वीज आली, कारण कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांवर जाऊन हाताने स्विच चालवले. आपल्याकडे नवे रिंग मेन युनिट घेताना ‘दूरनियंत्रित’ हा रकाना कुणी विसरत नाही. हाताने चालवायचा दांडा जागेवर आहे का, आणि तो चालवायला शिकलेला माणूस पुढच्या दहा वर्षांत शिल्लक राहील का, हेही रचनेतच यायला हवे.

आता ज्या विषयावर मी सर्वांत जास्त वेळ घालवीन, तो म्हणजे जाळ्याचे प्रतिरूप (मॉडेल). कोणता मीटर कोणत्या केबलवर, ती केबल कोणत्या फीडर पिलरमधून, तो पिलर कोणत्या ट्रान्सफॉर्मरच्या कोणत्या फेजवर, आणि तो ट्रान्सफॉर्मर कोणत्या उच्चदाब फीडरवर, ही साखळी. स्मार्ट ग्रिडचे नाव घेऊन जे जे विकले जाते, त्यातले बहुतेक सारे या साखळीवर उभे असते. वीज गेल्याचा नेमका संदेश ग्राहकाला पाठवणे, ट्रान्सफॉर्मरनिहाय ऊर्जेचा ताळा काढून गळती शोधणे, एखाद्या सोसायटीत वीस गाड्यांचे चार्जर बसवायला परवानगी द्यायची का हे ठरवणे, या सर्वांचे उत्तर साखळी चुकीची असेल तर चुकीचेच येते, आणि ते चुकीचे आहे हे उत्तराकडे पाहून कळत नाही. एका ट्रान्सफॉर्मरवर पंधरा टक्के चोरी आणि शेजारच्यावर उणे पंधरा टक्के, असे अहवाल मी पाहिलेले आहेत. तिथे कुणी चोर नव्हता. एका इमारतीचे मीटर कागदोपत्री शेजारच्या ट्रान्सफॉर्मरवर टाकलेले होते.

मुंबईत ही साखळी बिघडायची कारणे खास इथली आहेत. पहिले म्हणजे पुनर्विकास. चाळीस खोल्यांची जुनी इमारत पाडली जाते, तात्पुरते बांधकामाचे कनेक्शन येते, तीन-चार वर्षांनी तिथे टॉवर उभा राहतो, नवा ट्रान्सफॉर्मर सोसायटीच्या आवारात बसतो, जुने ग्राहक क्रमांक काही बंद होतात, काही नव्या सदनिकांवर चढवले जातात. दुसरे म्हणजे पावसाळ्यातली तातडीची कामे. भर पावसात रात्री केबलमध्ये दोष आला की कर्मचारी शेजारच्या पिलरमधून भार देऊन लोकांची वीज सुरू करतात, जे योग्यच आहे. पण ती तात्पुरती जोडणी प्रणालीत नोंदवली जातेच असे नाही आणि मूळ जोडणीकडे परत गेल्याची नोंद तर त्याहून क्वचित होते. तिसरे कारण परवान्यांचे. मुंबई शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी इलेक्ट्रिसिटी, मुलुंड-भांडुपकडे महावितरण, आणि यांतल्या बऱ्याच भागात समांतर परवानाधारक म्हणून टाटा पॉवर. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालानंतर उपनगरांतल्या लाखो ग्राहकांनी पुरवठादार बदलला, पण त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरात येणारी तार जुन्याच कंपनीची राहिली. म्हणजे बिल एकाचे आणि दोष शोधायचा दुसऱ्याने.

म्हणून प्रतिरूपात ‘ग्राहक’ नावाचा एकच तक्ता करून भागत नाही. जागा, जोडणीचा बिंदू, मीटर, करार, पुरवठादार आणि तारेचा मालक या वेगवेगळ्या वस्तू मानाव्या लागतात, आणि त्यांच्यातले प्रत्येक नाते तारखेसह ठेवावे लागते. आयईसी ६१९७० आणि ६१९६८ या मानकांतील सामायिक माहिती-प्रतिरूपाने ही विभागणी पूर्वीच करून ठेवली आहे. ते प्रतिरूप अवजड आहे, त्याचे सगळे वर्ग कुणीच वापरत नाही, तरीही ते आधी नीट समजून घ्यावे. स्वतःचे सुटसुटीत प्रतिरूप काढणारे बहुतेक संघ दोन वर्षांनी त्याच विभागणीपाशी येतात.

तारखाही दोन लागतात: एखादी गोष्ट प्रत्यक्षात कधीपासून खरी होती, आणि ती आपल्याला कधी कळली. मीटर ३ तारखेला बदलला पण नोंद १९ तारखेला झाली, तर मधल्या सोळा दिवसांचे बिल पुन्हा काढताना पहिली तारीख लागते. आणि ग्राहक तक्रार निवारण मंचासमोर ‘त्या दिवशी कंपनीला काय माहीत होते’ हे दाखवताना दुसरी. बँकिंगमध्ये मूल्य-तारीख आणि नोंद-तारीख हा भेद तुम्ही रोज पाळलेला आहे. तो इथे वस्तूंच्या नात्यांनाही लावायचा एवढेच.

साखळी दुरुस्त कशी करायची? सर्वेक्षण एकदा करून भागत नाही, कारण ते पूर्ण होईपर्यंत पहिल्या वॉर्डातली माहिती शिळी झालेली असते. स्मार्ट मीटर इथे खरोखर कामाला येतात. एकाच ट्रान्सफॉर्मरच्या एकाच फेजवरचे मीटर व्होल्टेजचे चढउतार जवळजवळ एकत्र अनुभवतात. त्यामुळे काही आठवड्यांच्या व्होल्टेज नोंदींचा परस्परसंबंध काढला की कोण कुणाच्या सोबत आहे, हे बऱ्यापैकी दिसते. वीज जाताना मीटरने पाठवलेला शेवटचा संदेश हा दुसरा पुरावा, आणि जागेवर गेलेल्या कर्मचाऱ्याने मोबाइलवर केलेली दुरुस्ती हा तिसरा. प्रत्येक नात्यासोबत ते कशावरून ठरवले आणि किती खात्रीने, हे जपून ठेवावे, आणि खात्री कमी असेल तर ग्राहकाला ‘तुमच्या विभागात बिघाड असण्याची शक्यता आहे’ असे सांगावे. अशा कबुलीने लोकांचा विश्वास कमी होत नाही. वीज गेलेली असताना ‘तुमच्याकडे पुरवठा सुरळीत आहे’ असा संदेश आला की होतो.

मीटरच्या बाजूला मानके चांगली आहेत. मीटरसाठी आयएस १६४४४, माहितीच्या देवाणघेवाणीसाठी आयएस १५९५९. कागदावर कुठलाही मीटर कुठल्याही हेड-एंड प्रणालीशी (मीटरांकडून नोंदी गोळा करणाऱ्या केंद्रीय प्रणालीशी) बोलू शकतो. प्रत्यक्षात फर्मवेअर अद्ययावत करणे, संपर्काच्या मॉड्यूलची निदान-माहिती, घटनांचे खास कोड हे सारे ज्याच्या त्याच्या पद्धतीने असते. त्यात मुंबईची मीटर-रूम तळघरात किंवा जिन्याखाली, लोखंडी दरवाजाआड. तिथे मोबाइलचा सिग्नल कसाबसा पोहोचतो आणि रेडिओ जाळे मजल्यांच्या काँक्रीटमध्ये अडखळते. त्यामुळे ‘दिवसातून नव्याण्णव टक्के नोंदी’ ही अट एकूण सरासरीवर घालू नये. तीच तीच इमारत महिनोन्महिने गप्प राहते आणि सरासरी तिला झाकून टाकते.

नोंदींपेक्षा महत्त्वाचा आहे मीटरमधला स्विच. घरगुती स्मार्ट मीटरमध्ये दूरवरून पुरवठा तोडण्याची सोय असते, आणि माझ्या मते या सबंध क्षेत्रातला सर्वांत धोकादायक प्रोग्रामिंग इंटरफेस हाच आहे. दहा लाख मीटर, प्रत्येकामागे सरासरी एक किलोवॉट, म्हणजे एक हजार मेगावॉट. आणि मुंबईची उन्हाळ्यातली कमाल मागणी चार हजार मेगावॉटच्या आसपास असते. एवढा भार एका क्षणी गेला किंवा एका क्षणी परत आला, तर तो त्या घरांपुरता राहत नाही, त्याचा धक्का ग्रिडला बसतो. यासाठी हल्लेखोरच लागतो असे नाही; महिनाअखेरीस थकबाकीची यादी चुकीच्या अटीने काढणारा एक प्रोग्राम पुरे. त्यामुळे बिलिंग प्रणालीने तोडण्याची फक्त विनंती करावी. मिनिटाला किती मीटर तोडता येतील, एका ट्रान्सफॉर्मरवर एका वेळी किती, रुग्णालय किंवा जीवरक्षक उपकरण असलेली जागा वगळली आहे का, हे तपासणारा थर वेगळा असावा, त्याचा कोड छोटा असावा, तो वेगळ्या लोकांच्या ताब्यात असावा, आणि मर्यादा वाढवण्यासाठी दोन माणसांच्या स्वाक्षऱ्या लागाव्यात. पुरवठा परत जोडतानाही वेळ थोडी मागेपुढे विखुरलेली असावी.

धोरण बदलत राहते, हेही गृहीत धरावे. २०२१ च्या केंद्रीय योजनेत देशभर पंचवीस कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरांचे उद्दिष्ट ठेवले गेले. महाराष्ट्रात विरोध झाल्यावर २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असे जाहीर झाले. २०२३ च्या नियमांनी वेळेनुसार दर आणले, आधी औद्योगिक आणि व्यापारी ग्राहकांसाठी, मग कृषी वगळता इतरांसाठी. प्रीपेड की पोस्टपेड आणि दिवसाचे दरखंड किती, हे ज्या प्रणालीत कोडमध्ये कोरलेले आहे, ती प्रणाली दर आदेशासोबत नव्याने लिहावी लागते. दररचना ही तारीखवार माहिती म्हणून ठेवावी, जुन्या आदेशानुसार जुने बिल जसेच्या तसे पुन्हा काढता आले पाहिजे.

शहराच्या बाजूकडे वळतो. मुंबईची खरी परीक्षा पावसात होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर शहरभर स्वयंचलित हवामान केंद्रे आली, हाजी अली, इर्ला, लव्ह ग्रोव्ह, क्लीव्हलंड बंदर अशी पर्जन्यजल उदंचन (पावसाचे पाणी उपसणारी) केंद्रे उभी राहिली, आणि जून २०२० मध्ये ‘आयफ्लोज-मुंबई’ ही पूर-इशारा प्रणाली सुरू झाली. आता ही साखळी पाहा. भरतीच्या वेळी पाणी समुद्रात उपसायला पंप लागतात, पंपाला वीज लागते. त्याच वेळी सखल भागातल्या उपकेंद्रात पाणी शिरू लागले की वीज कंपनी लोकांच्या जिवासाठी तिथला पुरवठा बंद करते. पुरवठा गेला की मोबाइलचा टॉवर बॅटरीवर जातो आणि बॅटरी काही तासांत संपते. टॉवर गेला की पाणी-पातळीचे संवेदक, वाहतूक सिग्नलचे नियंत्रक आणि स्मार्ट मीटर एकदम गप्प होतात. म्हणजे माहितीची सर्वाधिक गरज असते त्या तासाला माहिती सर्वांत कमी असते. हे टाळता येणार नाही. पण पडद्याने शेवटची ज्ञात पातळी हिरव्या रंगात दाखवत राहणे टाळता येते. गप्प झालेला संवेदक हा स्वतःच एक इशारा आहे आणि नकाशावर तो तसाच दिसला पाहिजे.

या संस्थांच्या प्रणाली जोडायच्या कशा, यावर माझे मत आग्रही आहे. सर्वांचा डेटा एका सरोवरात, म्हणजे एका सामायिक साठ्यात, ओतण्याच्या योजना मी यशस्वी होताना फारशा पाहिलेल्या नाहीत. २०१५ ते मार्च २०२५ या काळात चाललेल्या स्मार्ट सिटी अभियानात शंभर शहरांत एकात्मिक नियंत्रण केंद्रे उभी राहिली. मुंबई त्या शंभरांत नव्हती, ठाणे आणि कल्याण-डोंबिवली होती. या केंद्रांत कॅमेऱ्यांची दृश्ये एकत्र आणणे लवकर जमते, निर्णय एकत्र आणणे जमत नाही, कारण महापालिका, वाहतूक पोलीस, रेल्वे आणि वीज कंपन्या यांचे कायदे, जबाबदाऱ्या आणि चौकशीला सामोरे जाणारे अधिकारी वेगळे आहेत. त्यापेक्षा प्रत्येकाने आपली प्रणाली आपल्याकडे ठेवावी आणि मोजक्या घटनांची देवाणघेवाण ठरवून घ्यावी: ‘अमुक उदंचन केंद्राचा पुरवठा दुसऱ्या मार्गावर’, ‘अमुक उपकेंद्र पुढच्या अर्ध्या तासात बंद करण्याची शक्यता’, ‘अमुक भुयारी मार्ग वाहतुकीस बंद’. असे वीस-पंचवीस संदेश प्रकार, प्रत्येकाचा एक मालक, आणि प्रत्येक संदेशात तो किती वेळ ग्राह्य आहे याची मुदत. इंटरनेट नसेल तर तोच मजकूर वायरलेसवर वाचून दाखवता येईल, इतका तो साधा असावा.

एक उदाहरण आशादायक वाटते, म्हणून सांगतो. बेस्ट हा उपक्रम बसही चालवतो आणि शहर विभागात वीजही पुरवतो. इलेक्ट्रिक बसच्या आगारात रात्री किती वीज लागणार आणि त्या फीडरवर किती शिल्लक आहे, हे दोन्ही प्रश्न एकाच छपराखाली सुटू शकतात, जे देशात फार कमी ठिकाणी शक्य आहे. इथेही टोकाकडून विचार करावा. चार्जरचा केंद्राशी संपर्क तुटल्यावर तो पूर्ण क्षमतेने चालू राहिला तर ट्रान्सफॉर्मरवर ताण येईल, आणि थांबला तर पहाटेची पहिली बस आगारातच अडकेल. म्हणून प्रत्येक चार्जरमध्ये आधीच एक मर्यादित प्रवाहाचे वेळापत्रक साठवलेले असावे. सर्व चार्जर मिळून ते चालवले तरी फीडर सुरक्षित राहील आणि बहुतेक बस निघण्यापुरत्या चार्ज होतील. चार्जरसाठी रूढ असलेल्या ओसीपीपी या प्रोटोकॉलमध्ये त्याची सोय आहे. ती वापरली जात नाही, हा भाग वेगळा.

आता काही सुटे मुद्दे थोडक्यात. छतावरच्या सौर ऊर्जेबद्दल मुंबईत फार लिहिण्यासारखे नाही. टॉवरला छत थोडे आणि घरे पुष्कळ. पंधरा मिनिटांच्या नोंदींवरून घरातली माणसे कधी उठतात आणि कधी गावी जातात हे कळते, त्यामुळे २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा इथे पूर्ण लागू आहे असे समजूनच चालावे. भाराच्या अंदाजासाठी यंत्रशिक्षण वापरावे. ऑक्टोबरचा उकाडा, गणपती आणि पावसाळी रविवार यांत ते माणसाइतकेच किंवा बरे चालते. स्विचिंगचा निर्णय मात्र त्याच्याकडे देऊ नये. क्लाउडवर मीटरचा साठा आणि विश्लेषण जायला हरकत नाही. नियंत्रणाची साखळी शहरातच राहावी, आणि तिथे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची २०२१ ची सायबर सुरक्षा मार्गदर्शक तत्त्वे तसेच ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २०२२ चे निर्देश, म्हणजे सहा तासांत घटनेची खबर आणि १८० दिवसांचे लॉग, पहिल्या आराखड्यापासून धरलेले असावेत.

तुमच्या पूर्वानुभवातले तीन धडे इथे सोन्याइतके मोलाचे आहेत: तोच संदेश दोनदा आला तरी परिणाम एकदाच व्हावा, रोज रात्री दोन स्वतंत्र स्रोतांचा ताळमेळ घ्यावा, आणि कुणी काय बदलले याचा माग पुसता येऊ नये. वीज क्षेत्रात या सवयी कच्च्या आहेत. सोडून द्यायची सवय एकच, ती म्हणजे अडचण आली की सेवा थांबवून दुरुस्त करू हा विश्वास.

करारावर सही होण्यापूर्वी दोन कलमे घालून घ्या. एक, स्वीकृती चाचणीत एका निवडक विभागाचा केंद्राशी संपर्क काही तास मुद्दाम तोडला जाईल, त्या काळात प्रत्येक उपकरणाने काय करावे याची यादी आधी लिहिलेली असेल, आणि ही चाचणी दरवर्षी मे महिन्यात, पावसाआधी, पुन्हा होईल. दोन, मीटरच्या कूटलेखनाच्या किल्ल्या पहिल्या दिवसापासून वितरण कंपनीच्या स्वतःच्या सुरक्षित हार्डवेअरमध्ये राहतील. मीटरिंगचे करार साधारण दहा वर्षांचे असतात. ते संपताना ठेकेदार बदलला आणि किल्ल्या जुन्याकडेच असल्या, तर प्रत्येक मीटर-रूममध्ये माणूस पाठवावा लागतो.